पुरात बुडालेलं इंजिन ‘नव्यासारखं’ होऊन आलं तेव्हा

परंड्याजवळ आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार घेऊन शेतकरी आला की मी त्याला एक फुकटचा सल्ला देतो. जुन्याच तारेवर वार्निश मारून ‘नवी वायंडिंग’ म्हणून गळ्यात मारणारे या धंद्यात पुष्कळ आहेत, तेव्हा जुनी तार मागून घे, वजन करून घे. चौदा वर्षं हा सल्ला वाटत आलेल्या माणसाला 1 लाख 80 हजारांना गंडवलं, आणि तेही नेमकं याच रीतीने.

फरक इतकाच, की मोटारीऐवजी विमानाचं इंजिन होतं. हो, मी घरी विमान बांधतोय. ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं, गावाचं हसून झालेलं आहे. दोन माणसांचं, अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं, झेनिथ 701 च्या नकाशांवरून. सात वर्षं झाली, दुकान बंद केल्यावर रात्री शेडमध्ये जाऊन एकेक रिवेट मारतोय. इंजिन रोटॅक्स 582, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं, साधारण 65 हॉर्सपॉवरचं. सेकंडहँड घेतलेलं. विमान अजून एकदाही जमिनीवरून उठलेलं नाही. चाकांना ओंडके लावून शेडबाहेर इंजिन फिरवायचं, आतापर्यंतची मजल एवढीच. मराठवाड्यात हे वेड लागलेले आम्ही चार-पाच जण एकमेकांना ओळखतो. जालन्याचा एक टर्नर आहे, लातूरचे एक निवृत्त सर आहेत, एक जण वाळूजला कंपनीत आहे. भेटलो की बायकामुलांपेक्षा बेअरिंगांची चौकशी आधी.

22 सप्टेंबर 2025, घटस्थापना. घट बसवायचे त्या सकाळी सीना पात्र सोडून शेतांत आली. परंडा आणि भूम तालुक्यांत काय झालं ते बातम्यांत सगळ्यांनी पाहिलंय. माणसं छपरांवर अडकली, हेलिकॉप्टरने काढावी लागली. मी नातेवाइकांच्या गच्चीवरून ते हेलिकॉप्टर बघत होतो. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्याच्यावर तासभर बोललो असतो. त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही. तिकडे शेडमध्ये छातीभर पाणी होतं आणि त्यात माझं विमान उभं होतं.

पंख काढून आढ्याला दोरांनी टांगलेले होते म्हणून वाचले. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये शिरता आलं. पत्र्यावर पुराची सरळ रेघ उमटलेली, सुतार मारतो तशी. ती इंजिनाच्या वरून गेली होती.

त्या दिवशी मी जे केलं ते बरोबर केलं, हे आज छातीठोकपणे सांगतो. सेल्फ मारला नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन्ही सिलिंडरचे चारी प्लग काढले, प्रोपेलर हाताने सावकाश फिरवून पाणी बाहेर काढलं. मग स्वच्छ पाण्याने धुतलं, मग डिझेलने, आणि शेवटी टू-स्ट्रोकचं ऑइल भरपूर ओतून पुन्हा फिरवलं. आपल्याकडच्या काळ्या मातीचा गाळ म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. ओला असेपर्यंत लोणी, सुकला की सिमेंट. तो ओला असतानाच काढला पाहिजे.

पण टू-स्ट्रोकचं दुखणं आत असतं. फोर-स्ट्रोकसारखं तळाला ऑइल नसतं, पेट्रोलबरोबर येईल तेवढंच ऑइल क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य शाफ्टच्या, बेअरिंगांना मिळतं. त्या बेअरिंगांत पाणी गेलं की गंज धरायला दिवस लागत नाहीत. क्रँकही अखंड नसतो, तुकडे प्रेसने एकमेकांत बसवलेले असतात. मधली बेअरिंग बदलायची तर तो प्रेसवर सोडवायचा आणि परत शतांश मिलिमीटरच्या हिशेबात सरळ जुळवायचा. ते माझ्या दुकानात होणारं काम नव्हे.

आणि दुकानात तर पाय ठेवायला जागा नव्हती. पुरात बुडालेल्या मोटारी, स्टार्टर, पॅनेल, बैलगाडीतून आणि टेम्पोतून येऊन पडलेले. सोयाबीन गेलं होतं, रब्बी तरी गाठायची तर पाण्याला मोटार हवी. अशा माणसाला ‘माझं विमान झालं की तुझी मोटार बघतो’ असं कुठल्या तोंडाने सांगणार?

या घाईत तो भेटला. ओळखीतल्या एकाने नंबर दिला होता, आणि त्या ओळखीतल्यालाही कुणीतरी दिला होता. पुण्याकडचा, इंजिनं दुरुस्त करणारा, बोलायला गोड. फोनवर त्याने पहिलंच वाक्य टाकलं, “दादा, सेल्फ तर मारला नाही ना?” मी तिथेच विरघळलो. मग म्हणाला, “बुडालेल्या 582 ला वेळ नसतो. पंधरा दिवसांत उघडलं नाही तर क्रँक गेला समजा.” हेही खरंच आहे. नंतर कितीदा आठवलं तरी त्या पहिल्या फोनमधलं त्याचं एकही तांत्रिक वाक्य मला खोटं सापडत नाही. पाच खरी वाक्यं ऐकली की सहावं आपण तपासत नाही.

सहावं वाक्य असं होतं: “ऑस्ट्रियाहून नवीन क्रँक मागवतो. जुना कंपनीकडे जमा करावा लागतो, त्याची सूट तुमच्या बिलात.”

जुना भाग परत मिळणार नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. माझ्या दुकानात हे कुणी म्हणालं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

आधी 90 हजार घेतले. तीन आठवड्यांनी, ऐन दिवाळीत, ‘क्रँक मुंबईत आलाय, कस्टम ड्युटी भरायची आहे’ म्हणून 32 हजार. पावती मागितली तर म्हणाला, सगळ्यांचा माल एकत्र येतो, वेगळी पावती निघत नाही. इंजिन तयार झाल्यावर, पाठवण्याआधी, 58 हजार. पैसे दर वेळी वेगळ्या यूपीआयवर गेले, त्यातला एक तर मोबाइल दुकानाचा होता. बायकोने विचारलं, “तुम्ही गिऱ्हाइकाला पावती न देता मोटार देता का?” मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही. ते वाक्य ती अजून विसरलेली नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस इंजिन आलं. खरं सांगतो, पेटी उघडल्यावर डोळ्यांत पाणी आलं. काळा चकाचक रंग, नवे स्टिकर, नवे प्लग, नवे होस क्लिप. सोबत एका कागदावर ‘ओव्हरहॉल रिपोर्ट’, त्यावर शिक्का आणि वाचता न येणारी सही. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवला. लातूरच्या सरांनी अंगठा दाखवला. जालन्याच्या मित्राने एवढंच लिहिलं, “रंगवलं कशाला? मी येतो, तोवर चालू करू नको.”

तो आला डिसेंबरमध्ये, एका रविवारी. चहासुद्धा न घेता आधी खाली वाकला. 582 मध्ये इंजिनाच्या मधोमध एक आडवा शाफ्ट असतो, तो रोटरी व्हॉल्व्ह (पेट्रोल-हवेचं मिश्रण आत सोडणारी चकती) आणि पाण्याचा पंप फिरवतो. त्याला वेगळं ऑइल असतं, वर छोटीशी बाटली. पाण्याचं सील गेलं की ते ऑइल ताकासारखं पांढरं होतं, हे सगळे तपासतात. बाटलीतलं ऑइल स्वच्छ होतं. मित्राने खालची नळी सोडली. आधी चांगलं ऑइल आलं, मग चहासारखं, आणि शेवटी बोटभर काळा गाळ.

सीनेचा गाळ. हे इंजिन म्हणे पूर्ण उघडून, धुऊन, नवीन क्रँक टाकून जोडलेलं होतं.

मग आम्ही थांबलो नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सोडला. त्या भोकातून पिस्टनची बाजू आणि रिंगा दिसतात, त्यासाठी इंजिन उघडावं लागत नाही. पिस्टनवर उभे ओरखडे, रिंगा तांबूस. रोटरी व्हॉल्व्हचं झाकण काढून टॉर्च मारला तर क्रँकच्या पाळीवर देवीच्या व्रणांसारखे गंजाचे खड्डे. क्रँक तोच. बेअरिंगा त्याच. त्याने बाहेरून ब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूचा मारा करून, रंग मारला होता, आणि माझा अंदाज आहे की ब्लास्टिंगची थोडी वाळूही आत सोडली होती.

त्याहून मोठा धक्का बिंग कंपनीचे दोन कार्ब्युरेटर पाहिल्यावर बसला. एकाच्या फ्लोट बाउलला मी मागच्या वर्षी स्वतः एक वेगळा स्क्रू बसवला होता. तो स्क्रू नव्हता. म्हणजे माझे बरे कार्ब्युरेटर काढून कुणाचे तरी झिजलेले लावलेले. इग्निशनचे डबे माझेच की बदललेले, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक मोटारीवर मी पंचने नंबर ठोकतो, कव्हरवर वेगळा, बॉडीवर वेगळा. स्वतःच्या इंजिनावर एकसुद्धा खूण केली नव्हती. नंबर प्लेट तेवढी जुनी होती, पण तिचे रिवेट नवे. ती काढून परत का लावली असावी, यावर आमचा अजून तर्क चालू आहे.

मित्र म्हणाला, “हे पळालं असतं बरं का. दहा-पंधरा मिनिटं छान पळालं असतं.” पुढचं तो बोलला नाही. टू-स्ट्रोक जाम होतं तेव्हा आगाऊ सांगत नाही. शेडबाहेर जाम झालं तर आवाज होतो, बस. झाडांच्या वर गेल्यावर झालं तर पुढे जे शेत दिसेल तिथे उतरायचं, आणि पुरानंतर आमच्याकडे सपाट शेत राहिलंय कुठे?

मी त्या पुणेवाल्याला फोन लावला. आधी म्हणाला, तुम्ही चुकीचं ऑइल टाकलं. गाळाचा फोटो पाठवला तर आवाज बदलला. “दादा, तुमच्या त्या विमानाची नोंदणी आहे का? डीजीसीएला कुणी कळवलं तर? मी आपला म्हणून सांगतोय.”

इथे मी दीड महिना घालवला. डीजीसीए म्हणजे विमानांची नोंदणी आणि परवाने बघणारं सरकारी खातं, आणि माझी नोंदणी नव्हतीच. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं, त्यांना नोंदणीसाठी किती वर्षं खेटे घालावे लागले ते आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. ते वैमानिक, आणि मी परंड्याचा वायंडिंगवाला. वाटलं, तक्रार करायला जावं आणि आपलंच विमान जप्त व्हावं. तो असल्या लोकांनाच गाठतो, हे मला नंतर कळलं. वाळूजच्या मित्राच्या ओळखीचा आणखी एक जण निघाला, पॅरामोटरवाला, म्हणजे पाठीवर इंजिन बांधून पॅराशूटसारख्या पंखाने उडणारा. त्याचंही इंजिन पुरात गेलेलं, त्यालाही हेच ऐकवलेलं, आणि तो गप्प बसलेला.

शेवटी धाराशिवच्या एका वकिलांकडे गेलो. ते हसलेच. म्हणाले, “आवो, उडवलंय का तुम्ही? नाही ना? मग शेडात पत्रे जोडणं कधीपासून गुन्हा झाला? परवानगी उडवायला लागते.” आणि फसवणूक ती फसवणूकच, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. ठाण्यात अर्ज दिला. विमानाचं इंजिन म्हटल्यावर हवालदारांनी दोनदा खात्री करून घेतली. सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरवरही तक्रार नोंदवली, पण ती हेल्पलाइन पैसे गेल्या-गेल्या फोन केला तर खाती गोठवायला उपयोगी पडते. माझे पैसे जाऊन महिने लोटले होते. भीतीपोटी घालवलेला तो दीड महिना त्याच्या खूप कामी आला.

पुरात इंजिन गेलेल्यांना माझं इतकंच सांगणं आहे: कुणाकडेही देण्याआधी क्रँककेस, कार्ब्युरेटर, इग्निशनचे डबे, सगळ्यावर खुणा करा आणि त्यांचे फोटो काढा. उघडलेल्या इंजिनाचा व्हिडिओ मागा, तुमची खूण दिसेल असा. जुना क्रँक आणि जुन्या बेअरिंगा परत घ्या, भंगारात घालायच्या असल्या तरी. जीएसटी नंबर नसलेल्या कागदावर पैसे देऊ नका. आणि बाहेरून रंगवून आलेलं इंजिन दिसलं तर आधी घाबरा. पुरातून आलेल्या भागाची गंजाची रेघ दिसत राहणंच आपल्या फायद्याचं.

बॉडीचं काम मात्र मी कुणाला दिलं नाही. तळाच्या पत्र्याची पाणी जायची भोकं गाळाने बुजली होती, ती तारेने मोकळी केली, सगळी झाकणं काढून पंख्याने आठ दिवस वारा दिला. ब्लाइंड रिवेटच्या (एकाच बाजूने ओढून बसवायच्या रिवेटच्या) आत पोलादी खिळ्याचं डोकं राहतं, तिथे पाणी बसलं की रिवेटभोवती तपकिरी ओघळ येतो. असे चाळीसेक रिवेट ड्रिल मारून बदलले. पोलादी नळ्यांत जवसाचं तेल घालून त्या सगळीकडून फिरवल्या. कंट्रोलच्या केबल पुसताना फडकं अडकलं तिथे तुटलेली तार सापडली, ती केबल टाकून दिली. बॉडी आज माझ्या भरवशाची आहे. नाक मात्र रिकामं आहे.

इंजिन जालन्याला गेलंय. मित्र म्हणतो क्रँककेस वाचेल, बाकी बघू. पोलिसांकडून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा माझंच नाव आणि पत्ता विचारायला.

हे सगळं लिहायचं मी टाळत होतो. गेल्या आठवड्यात लातूरच्या सरांनी एक स्क्रीनशॉट पाठवला. त्या गड्याने जाहिरात टाकली आहे, ‘पूरग्रस्त इंजिन नव्यासारखं करून मिळेल’, खाली आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो. आधीचा फोटो मीच त्याला पाठवलेला होता. मागे माझ्या शेडचा पत्रा आहे आणि त्यावर पुराची ती रेघ स्पष्ट दिसते. खाली एकाने विचारलंय, “रेट काय?”