चिकण मातीत उतरणारं ऑगर : उद्यमबागेत बनवून घेतलं, दोन वर्षं वापरलं, त्याचा रिव्ह्यू

ऑगर म्हणजे माती काढायचं मोठं गिरमिट, पण आपल्या भागात गिरमिट म्हटलं की चिरमुऱ्याचं खायचंच डोळ्यापुढं येतं म्हणून मी सरळ ऑगरच म्हणतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लहान वर्कशॉपमधनं २०२३ च्या नोव्हेंबरात बनवून घेतलं. साडेचार फुटाचा दांडा, वर आडवी मूठ, खाली दोन वाकवलेली पाती टोकाला येऊन मिळतात तसलं, शिवाय चार फुटाचा जादा दांडा जोडायला. सगळं मिळून ३,४०० रुपये पडले. नदीकाठच्या वरच्या काळ्या रानात ज्यांची शेती आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, लाल मातीवाल्यांना किंवा माळावाल्यांना ह्यातलं निम्मंच उपयोगी पडेल.

आधी जमीन सांगतो, नाहीतर हत्यार चांगलं का वाईट ते कळणार नाही. आमचं रान निपाणी भागात, वेदगंगेच्या काठाला. नदीला लागून मळी, म्हणजे दर पुराला गाळ बसणारी जमीन, आणि तिथनं दरडीसारखं पुरुषभर वर चढलं की सपाट काळं रान लागतं. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत मळीतला ऊस पाण्याखाली गेला, वरच्या रानाच्या बांधाला मात्र पाणी लागलं नाही. हे वरचं सपाट रान म्हणजे नदीची जुनी पायरी. एकेकाळी नदी तिथनंच वाहायची, पुरात गाळ टाकायची, मग तिनं आपलं पात्र खाली खोदत नेलं आणि जुना काठ वर राहून गेला. लहानपणी आज्जा म्हणायचा की आपल्या विहिरीत गोटे लागले ते नदीचे आहेत, आम्हाला वाटायचं म्हातारा गोष्ट सांगतोय. पण खरंच आहे ते, गोल घासलेला गोटा पाण्यात लोळल्याशिवाय तसा होत नाही. रॉबर्ट ब्रूस फूट नावाचा जो भूगर्भ खात्याचा माणूस होता, १८६३ ला मद्रासजवळ पल्लावरमला जुन्या अश्मयुगातलं हत्यार ज्याला सापडलं, त्यानं पुढं आपल्याकडचा हा सगळा मुलूख पण पायाखाली घातला आणि मलप्रभा नदीच्या खोऱ्यातल्या जुन्या गोट्यांच्या थरात दगडी हत्यारं नोंदवली. म्हणजे ह्या पायऱ्या किती जुन्या असतील बघा.

आता मुद्दा असा की मळीची माती आणि पायरीची माती दोन्ही त्याच नदीची, वरनं बघितलं तर दोन्ही काळसर, पण आत शिरलं की काडीचा संबंध नाही. मळी ताजी आहे, गाळाचे थर एकावर एक तसेच दिसतात, भुसभुशीत पोयटा, ऑगर लोण्यात घातल्यासारखं जातं. पायरी जुनी आहे आणि तिच्यावर हजारो पावसाळे होऊन गेलेत. पावसाच्या पाण्याबरोबर चिकणमातीचे बारीक कण वरनं खाली सरकत जातात आणि दीड-दोन फुटावर साचून घट्ट थर धरतात, चुना विरघळून खाली जातो आणि तिथं पांढरे खडे होऊन बसतो. चिकणमाती म्हणजे ०.००२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण, डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. आणि आपल्याकडं वर घाटातला सगळा काळा पाषाण झिजून आल्यामुळं ह्यात स्मेक्टाइट जातीची माती जास्त, जी पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. मार्चमध्ये आमच्या रानातल्या एका भेगेत मी उसाची कांडी सोडली होती, अडीच फूट आत गेली.

हे ऑगर घ्यायचं कारण म्हणजे बारा गुंठ्याचा एक पट्टा. तीन वर्षं तिथला ऊस पिवळा पडायचा, लागण (नवा लावलेला) असो नाहीतर खोडवा (तुटल्यावर परत फुटलेला). सॉइल हेल्थ कार्ड काढलं, त्यात बारा गोष्टी असतात, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त-लोह वगैरे सूक्ष्म द्रव्यं, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब, सगळं बरं होतं. जस्त टाकलं, लोह फवारलं, आठ-दहा दिवस हिरवा दिसायचा आणि परत पिवळा. चूक कार्डाची नाही. नमुना घेतात वरच्या अर्ध्या फुटाचा, आणि माती किती चिकण आहे, किती खोल आहे, खाली काय आहे हे त्या बारात येतच नाही. आम्ही अर्धा फूट बघून चार फुटाच्या मुळांचा हिशेब करत होतो!

आता ऑगरबद्दल. पहिली गोष्ट पाती. वाळूसाठी रुंद पाती लागतात नाहीतर माती गळून पडते, चिकण मातीला उलटं, पाती अरुंद पाहिजेत, माती स्वतःच धरून राहते आणि रुंद पात्यात एकदा बसली की निघता निघत नाही. हे मला आधी माहीत नव्हतं, वर्कशॉपवाल्या काकांनी विचारलं की रान कसलंय, मी म्हटलं काळं चिकण, तर त्यांनी स्वतःच पाती अरुंद करून दिली. बाहेरून बाहेर ७ सेंटिमीटर व्यास. त्या एका प्रश्नासाठी मी त्या माणसाला मानतो, कारण मी जसं सांगितलं होतं तसं बनवलं असतं तर पैसे वाया गेले असते.

दुसरी गोष्ट वेल्डिंग, इथं नाराज आहे. चौथ्याच खड्ड्याला मूठ जिथं दांड्याला जोडलीय तिथं तडा गेला. परत नेऊन दिलं, त्यांनी आतनं पट्टी टाकून फुकट करून दिलं, वाद नाही घातला, पण निपाणीवरनं बेळगावला परत एक खेप आणि एक दिवस मोडला. चिकण मातीत पिळा बसतो तो सगळा त्याच जोडावर, तेव्हा बनवून घेणार असाल तर ती पट्टी पहिल्यांदाच टाकायला सांगा. त्यानंतर दोन वर्षांत काही झालेलं नाही.

वापरायची रीत शिकायला आठवडा लागला. एका वेळी दोन-तीनच फेरे फिरवायचे, पाती भरली की थांबायचं आणि वर ओढायचं. हावरटपणा करून सहा-सात फेरे दिले की खाली माती चोखून धरते, मग दोन माणसं लावली तरी निघत नाही, थोडं उलटं फिरवून मोकळं करायला लागतं. हातोडा अजिबात मारायचा नाही. बरोबर एक बोथट सुरी ठेवा, माती खरवडून काढायला. आणि पीव्हीसी पाइप उभा अर्धा चिरून घ्या, काढलेली माती खोलीच्या क्रमानं त्या पन्हाळीत मांडत जायची, म्हणजे जमीन आडवी झोपवल्यासारखी समोर दिसते. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा बराच वेळ तिथंच बसून राहिलो. वीस वर्षं जी जमीन कसतोय ती मी पहिल्यांदा बघत होतो.

वेळ पण सांभाळायला लागते. एप्रिलमध्ये हे ऑगर आमच्या रानात टेकत पण नाही, टणटण वाजतं. जुलैत जातं पण सगळा लगदा येतो, काही ओळखू येत नाही. वाफसा पाहिजे, म्हणजे चिखल नाही आणि टणक पण नाही अशी ओल. नोव्हेंबर-डिसेंबरात, सोयाबीन काढून हरभरा-शाळू टाकायच्या आसपास सगळ्यात चांगलं.

मग मी त्या पिवळ्या पट्ट्यात आणि आजूबाजूला मिळून २२ खड्डे घेतले. चांगल्या ऊसाच्या जागी वर एक फूट काळी ढेकळाळ, मग साडेतीन फुटापर्यंत घट्ट चिकण, मग चुनखडीच्या खड्यांची तपकिरी माती, आणि साधारण पाच फुटावर करकर आवाज येऊन ऑगर थांबतं, गोट्यांचा थर लागला. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. पिवळ्या पट्ट्यात मात्र जादा दांडा जोडून साडेसात फूट गेलो तरी गोटे नाहीत, नुसती चिकण माती, आणि अडीच फुटाच्या खाली तिचा रंग राखाडी, मध्ये मध्ये गंजाचे ठिपके. पाणी तुंबून हवा कोंडली की लोहाचा रंग जातो आणि मुळांच्या वाटेनं जिथं थोडी हवा पोचते तिथं गंज धरतो, त्याची ती खूण. सगळे खड्डे कागदावर मांडले तर राखाडी माती कोयत्यासारखी वाकडी गेलेली दिसली. म्हणजे तिथं कधीतरी नदीचा नाहीतर ओढ्याचा फाटा होता, तो बंद पडला आणि संथ पाण्यात फक्त बारीक कण बसत बसत भरून गेला. वरनं रोटर मारून मारून सगळं सपाट, कुणाला कळणार!

माती हातात घेऊन बघायच्या तीन गोष्टी ह्या ऑगरमुळं मी शिकलो, त्या पण सांगतो कारण नुसतं हत्यार घेऊन उपयोग नाही. ओलसर माती मळून अंगठ्यानं बोटावरनं पुढं ढकलत फीत काढायची, पाच सेंटिमीटरच्या वर तुटली नाही तर ती पक्की चिकण. आमची सात-आठ जाते. लिंबू पिळायचं, बुडबुडे आले तर चुना. आणि वाळलेला खडा काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात अलगद सोडायचा, हलवायचा नाही. नुसता फुटून खाली बसला तर ठीक, पण त्याच्याभोवती दुधासारखं गढूळ पसरायला लागलं तर सोडियम आलाय, जमीन चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेली, व्हायच्या वाटेवर आहे. विहिरीचं पाणी घेऊ नका, त्यातल्या क्षारांमुळं गढूळपणा दबतो आणि खोटा दिलासा मिळतो. आमच्या वरच्या थराचा खडा नीट बसला, तीन फुटावरच्यानं तासाभरात ग्लास गढूळ केला. मग तीन फुटाची माती लॅबला वेगळी दिली, सामू ८.७ आला, वरचा ७.९ होता. आणि त्या खालच्या मातीत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आत. काळी म्हणजे सुपीक असं आपण धरून चालतो, पण ह्या मातीचा काळेपणा कर्बावर जात नाही, हे लॅबच्या कागदावर बघून मला खरंच वाईट वाटलं, कारण मी शेणखत मळीला टाकत होतो आणि वरच्या रानाला नाही.

ऑगरला काय जमत नाही तेही सांगायला पाहिजे. ते माती पिळून काढतं, त्यामुळं मातीची घडण मोडते, ढेकळं कशी बसलीत ते दिसत नाही. पाइपलाइनसाठी जेसीबीनं चर मारली तेव्हा चार फुटावर तिरके गुळगुळीत पृष्ठभाग दिसले, मेणचट चकाकी आणि त्यावर ओरखडे, माती फुगून एकमेकीवर घसरते त्याचे ते वण. ऑगरमध्ये हे कधीच दिसलं नव्हतं. तेव्हा एक तरी उघडा खड्डा हवाच. आणि गोट्यांच्या थरात हे जात नाही, जबरदस्ती केली तर पात्याचं टोक जाईल.

पैसे वसूल झाले का, तर माझे झाले. २०२२ ला ऊस तुटल्या तुटल्या ओल असतानाच सबसॉयलर (खालचा घट्ट थर फोडायचा खोल नांगर) मारला होता, भाडं गेलं आणि काही फरक नाही, कारण ओली चिकण फुटत नाही, नुसती चिरून चोपडी होते. मग ऑगरच्या खड्ड्यांत पाणी भरून बघितलं, तर चांगल्या जागी रात्रीत उतरलं आणि पट्ट्यात दुसऱ्या दिवशी दुपारी पण तसंच. गेल्या वर्षी मे महिन्यात, रान कडक वाळल्यावर, त्या कोयत्याच्या वळणावरनंच साडेतीन फुटाची निचऱ्याची चर काढून दरडीखाली सोडली, शेणखत आणि लॅबनं सांगितलं तेवढं जिप्सम (मातीतला सोडियम सोडवणारं खनिज) टाकलं. जिप्सम निचऱ्याआधी टाकू नका, सोडियम सुटून जायला वाट पाहिजे ना. ह्या पावसाळ्यात पट्ट्यातलं पाणी दोन दिवसात ओसरत होतं, पूर्वी आठवडा लागायचा. ऊस अजून बाकीच्या रानाएवढा नाही, वरच्या टोकाला चार-पाच सऱ्या पिवळ्याच आहेत, तिथं परत खड्डे घ्यायचेत.

पाचपैकी साडेचार देतो, अर्धा त्या वेल्डिंगचा कापला. घेणार असाल तर पाती चिकण मातीची मागा, दांड्यावर दर अर्ध्या फुटाला खाच मारून घ्या (माझ्याकडं नाही, मी रंगाचे पट्टे मारलेत आणि ते पुसतात), आणि काम झालं की त्याच दिवशी धुऊन जळकं ऑइल लावा. आमचं सध्या शेजारच्या तात्यांकडं आहे, त्यांच्या रानात तोच कोयता पुढं जातो का बघायचंय. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला, सहा फूट झाले आणि अजून गोटे लागले नाहीत.