पत्नीचे स्मृतिपुस्तक आणि एक कॅसेट: सेवेचा अनुभव

माझ्या पत्नीला जाऊन वर्ष झाल्यावर मुलांनी घरातील १४० छायाचित्रे आणि नातीला गोष्टी सांगतानाची तिची एक कॅसेट, जुने फोटो आणि ध्वनिमुद्रणे डिजिटल करून स्मृतिपुस्तक बनवणाऱ्या या सेवेकडे सोपवली. छायाचित्रांचे पुस्तक फार मनापासून झाले आहे. कॅसेटबाबत मात्र तक्रार आहे.

आमचे बरेच फोटो चिकट पानांच्या जुन्या अल्बममध्ये अडकलेले होते. असा फोटो ओढून काढला तर फाटतो, म्हणून जे सुटेनात ते त्यांनी पानासकट स्कॅन केले. पुस्तकात लहान फोटो दुप्पट आकारात छापायचे असल्याने स्कॅनची सूक्ष्मता ३०० ऐवजी ६०० डीपीआय (दर इंचातील बिंदू) ठेवली. जुन्या रंगीत फोटोंतील निळसर छटा उडून ते लालसर झाले होते. ते सुधारण्याआधी तिच्या शालीचा मूळ रंग कोणता होता, हे त्यांनी आम्हाला विचारले.

फोटोंची मागची बाजूही स्कॅन करायची का, असेही त्यांनी स्वतःहून विचारले, आणि यासाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. तिथे तिचे अक्षर होते: कोणाचा पहिला दात पडला, कोण रुसून बसले होते, मी कोणत्या दिवशी उशिरा घरी आलो. फोटो बहुतेक तीच काढत असल्याने त्यांत ती स्वतः फारशी दिसत नाही. ती आम्हा सर्वांकडे किती बारकाईने पाहत होती, हे मला या ओळींतूनच कळले. पुस्तकात प्रत्येक फोटोशेजारी तिची ओळ तिच्याच हस्ताक्षरात आहे. शिवलेल्या बांधणीमुळे पाने सपाट उघडतात आणि कागद आम्लमुक्त, म्हणजे लवकर पिवळा न पडणारा, आहे.

कॅसेटच्या बाबतीत मात्र न विचारता 'स्वच्छता' करण्यात आली. गोष्टीच्या प्रत्येक वळणावर ती थांबत असे आणि नातीने 'मग?' म्हटल्याशिवाय पुढे जात नसे. ते थांबणे रिकामी जागा म्हणून आणि नातीचा आवाज व्यत्यय म्हणून कापला गेला, त्यामुळे ४१ मिनिटांचे ध्वनिमुद्रण ३३ मिनिटांचे झाले. गोष्ट पूर्ण होती, पण सांगणारी आजी त्यात उरली नव्हती. तक्रार केल्यावर त्यांनी दिलगिरी व्यक्त करून कॅसेट पुन्हा वाजवली आणि खरखरीसकट अखंड डब्ल्यूएव्ही (आवाज संकुचित न करता साठवणारी) फाइल विनामूल्य दिली. ही सेवा घेणाऱ्यांनी काहीही न कापलेली मूळ फाइल आधी मागून घ्यावी, आणि कॅसेट परत मिळाल्यावर ती टाकून देऊ नये.

पुस्तकाच्या आणखी तीन प्रती आम्ही याच सेवेकडून मागवल्या आहेत. त्यांतील एक नातीसाठी आहे. तिच्या प्रतीत शेवटची चार पाने तिच्या सांगण्यावरून कोरी ठेवली आहेत.