हायस्कूल बेसबॉल: हुकूम देणारा प्रशिक्षक की मुलांवर सोपवणारा?

अमेरिकेतल्या एखाद्या मराठी घरातला मुलगा नववीत जाताना बेसबॉलसाठी दोन शाळांपैकी एक निवडायची असली, की आईवडिलांचे लक्ष आधी कपाटातल्या चषकांकडे जाते. त्यापेक्षा दोन्ही संघांचा एकेक सामना पाहावा आणि नजर कॅचरवर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या मुलावर, ठेवावी. तो प्रत्येक चेंडूआधी मान वळवून डगआउटकडे, म्हणजे संघ आणि प्रशिक्षक बसतात त्या कट्ट्याकडे, पाहत असेल आणि तिथून आलेला आकडा मनगटावरच्या तक्त्यात शोधून चेंडू टाकणाऱ्या पिचरला खूण करत असेल, तर कोणता चेंडू टाकायचा हे प्रशिक्षकच ठरवतो. तो समोरच्या फलंदाजाचे पाय न्याहाळून स्वतःच खूण करत असेल, तर हे काम मुलांकडे आहे.

पहिल्या पद्धतीला नाके मुरडण्याचे कारण नाही. शाळेचा हंगाम छोटा, सामने सात डावांचे आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची समज कच्ची. अशा वेळी सगळे वरून ठरले की चुका कमी होतात आणि संघाची घडी लवकर बसते. मात्र चूक झाली, की मुलगा चेंडू कुठे गेला हे पाहण्याआधी प्रशिक्षकाचा चेहरा पाहू लागतो. दुसऱ्या पद्धतीत सुरुवातीचे काही सामने हकनाक हातचे जातात, आणि तेवढा धीर सगळ्याच पालकांना नसतो.

जपानमध्ये शालेय बेसबॉल म्हणजे तुळतुळीत डोकी आणि लष्करी शिस्त, असे चित्र वर्षानुवर्षे होते. 2023 च्या उन्हाळ्यात, राष्ट्रीय शालेय स्पर्धा जिथे होते त्या कोशिएन मैदानावर, केइओ हायस्कूलने अंतिम सामन्यात सेंदाई इकुएइला 8-2 असे हरवले आणि 1916 नंतर, म्हणजे 107 वर्षांनी, विजेतेपद मिळवले. या संघात केस कापण्याची सक्ती नव्हती आणि खेळाचा आनंद घ्या, स्वतः विचार करा, हा प्रशिक्षक मोरिबायाशी ताकाहिको यांचा आग्रह होता. (ते पेशाने प्राथमिक शाळेतले शिक्षक आहेत, हे मला तरी योगायोगाचे वाटत नाही.) तरीही एका विजेतेपदावरून मोकळीक दिली की संघ जिंकतो, असे म्हणता येणार नाही.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांचा अभ्यास इथे अधिक उपयोगी आहे, जरी तो हायस्कूलपेक्षा लहान, लिटल लीगमधल्या मुलांवरचा असला. चुकीनंतर धीर देऊन सुधारणा सांगायला शिकवलेल्या प्रशिक्षकांचे संघ इतरांपेक्षा जास्त सामने जिंकले नाहीत. पण त्यांच्या हाताखालच्या मुलांपैकी पुढच्या हंगामात साधारण 5 टक्केच गळाली, तर इतर संघांतली 26 टक्के. म्हणून मुलाने बारावीपर्यंत खेळत राहावे अशी इच्छा असेल, तर मी चुकायला मुभा देणाऱ्या, मुलांवर सोपवणाऱ्या शाळेकडे झुकेन.

एका बाबतीत मात्र सोपवणारा प्रशिक्षक मला चालणार नाही, आणि ती म्हणजे पिचरचा हात. 2019 मध्ये इवाते प्रांताच्या स्पर्धेत ओफुनातो शाळेच्या सासाकी रोकीने 21 जुलैला 194 आणि 24 जुलैला 129 चेंडू टाकले होते. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामना होता आणि तो जिंकला तर कोशिएनचे दार उघडणार होते, तरी प्रशिक्षकांनी त्याला एकही चेंडू टाकू दिला नाही. संघ 2-12 असा हरला आणि शाळेवर तक्रारींचा भडिमार झाला. 2022 च्या एप्रिलमध्ये त्याच सासाकीने चिबा लोट्टे या व्यावसायिक संघाकडून 19 फलंदाजांना स्ट्राइकआउट करत (चेंडू मारू न देता बाद करत) परफेक्ट गेम टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू दिले नाही. अंतिम सामन्याच्या सकाळी मुलालाच विचारले, तर कुठला मुलगा ‘नको’ म्हणेल?

अमेरिकेत 2017 च्या हंगामापासून शालेय सामन्यांत चेंडूंची संख्या आणि विश्रांती यांचे नियम राज्यागणिक लागू आहेत. मेजर लीग बेसबॉल या तिथल्या व्यावसायिक लीगच्या शिफारशींनुसार 15-16 वर्षांच्या मुलाने दिवसाला 95 पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, आणि 76 किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती घ्यावी. पण बरीच मुले शाळेखेरीज क्लबकडूनही खेळतात. म्हणून दोन्ही प्रशिक्षकांना भेटाल तेव्हा रविवारी क्लबसाठी टाकलेले चेंडू ते आपल्या वहीत धरतात का, हे विचारा आणि जमल्यास ती वही पाहायला मागा.