पहिल्या घासाला तूप-हिंग्वाष्टक: काही महिन्यांनंतर

दुपारी जेवलं की पोट डब्ब व्हायचं आणि तासाभरात गुबारा धरायचा. आमच्या वैद्यबाईंनी सांगितलं, पहिले दोन-तीन घास गरम भात, साजूक तूप आणि पाव चमचा हिंग्वाष्टक चूर्ण असे घ्या, वरण-भाजी त्यानंतर. पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू केलं, आता थंडी सरत आली.

सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग ही त्यातली आठ द्रव्यं. तुपात कालवून पहिल्या घासाला घ्यायचं, हे या चूर्णाच्या जुन्या पाठातच आहे. मध्ये काही दिवस ते जेवणानंतर पाण्याबरोबर घेऊन पाहिलं, तर घशाशी जळजळ झाली आणि गुणही कमी आला. तूप लागतंच, याची मला तेव्हा खात्री पटली. गुबारा आता क्वचितच धरतो. वाल किंवा छोले असले की अजूनही जड वाटतं, पण पूर्वीसारखी अस्वस्थता नाही.

तूप घरचंच. सायीला विरजण लावून, लोणी काढून, मंद आचेवर बेरी तांबूस होईपर्यंत कढवलेलं. त्याचा वासच भूक चाळवतो! वर पाणी प्यायचं तर कोमट. गार पाण्याने माझा घसा धरतो.

शौचाला खडा होण्याच्या तक्रारीवर रात्री गरम दुधात चमचाभर तूप घेतलं. उपयोग झाला, मात्र पालेभाजी आणि पाणी पुरेसं असेल तेव्हाच. तुपातलं ब्युटिरिक आम्ल आतड्याला पोसतं असं हल्ली फार ऐकू येतं. तुपात ते असतं, पण थोडं, आणि बहुतेक वरच्या, लहान आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्याला लागणारं ब्युटिरेट, म्हणजे याच आम्लाचं रूप, तिथले जिवाणू चोथ्यापासून तयार करतात. त्यामुळे भाकरी-भाजी कमी करून तूप वाढवणं मला अजिबात पटत नाही. सकाळी अनशापोटी तूप पिण्याचा प्रकारही मला मानवला नाही, दुपारपर्यंत मळमळत राहिलं.

लहान चमचाभर तुपात साधारण 45 कॅलरी असतात आणि त्यातली निम्म्याहून जास्त चरबी संपृक्त. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर आधी डॉक्टरांना विचाराच. हिंग्वाष्टकात मीठ आहे, हे रक्तदाब असणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं. मी आता चूर्ण रोज घेत नाही. कडधान्याची उसळ असेल त्या दिवशीच घेते. भातावरचं तूप मात्र रोजचं.