तीस खाटा, तीन सिस्टर: कामं वाटायची की पेशंट?

सकाळी आठचा ओव्हर (पाळी सोपवणं) संपला की इन्चार्ज सिस्टरला पहिला निर्णय घ्यायचा असतो तो वाटपाचा. बहुतेक वॉर्डांत तो घेतलाच जात नाही, कालचंच आज चालू राहतं: "तू इंजेक्शन बघ, तू ड्रेसिंग, तू टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि ॲडमिशन." सोलापुरातल्या सरकारी किंवा खासगी रुग्णालयात नव्याने वॉर्डचा चार्ज घेणाऱ्या परिसेविकेने ही घडी तशीच ठेवावी की मोडावी, हे ठरवायला ही तुलना.

हिशेबासाठी ३० खाटांचा भरलेला वॉर्ड धरू. सकाळपाळीला तीन अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), इन्चार्ज वेगळी. भारतीय परिचर्या परिषदेचा सर्वसाधारण वॉर्डाचा निकष तीन खाटांमागे एक नर्स, म्हणजे प्रत्येक पाळीत साधारण नऊ खाटांमागे एक, वर ३० टक्के रजा-राखीव. म्हणजे तीन सिस्टर ही चैन नव्हे, निकषाला किंचित कमीच पडणारी संख्या आहे. शिकायला आलेल्या जीएनएम (नर्सिंग पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंगच्या मुली या संख्येत धरायच्या नाहीत.

कामनिहाय वाटप

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नर्स कमी पडल्या तेव्हा ही पद्धत पक्की झाली आणि मनुष्यबळ कमी असलं की आजही हात आपोआप तिच्याकडेच वळतो. तिचे फायदे खरे आहेत. रोज इंजेक्शन भरणारा हात सरावलेला असतो, ट्रे एकच लागतो, नवी सिस्टर एक काम पटकन शिकते.

पण घड्याळ लावून बघा. आठच्या डोसला ३० पेशंट, प्रत्येकी सरासरी चार मिनिटं: वायल विरघळवणं, व्हेन्फ्लॉन (शिरेतली नळी) चालू आहे का बघणं, हळू देणं, केसपेपरवर सही. एकूण १२० मिनिटं. शेवटच्या खाटेचा आठचा डोस दहाला जातो आणि मग दोनचा डोस कुठून मोजायचा हा प्रश्न उरतो. वेळेवर जायलाच हवी अशा औषधांना अर्धा तास मागेपुढे एवढीच सूट धरतात. हेच काम तीन सिस्टरनी दहा-दहा पेशंट घेऊन केलं तर ४० मिनिटांत उरकतं.

वेळेपेक्षा मोठं नुकसान माहितीचं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचा एक पेशंट डोळ्यांसमोर आणा, वजन ६० किलो. टीपीआरवाली सिस्टर नाडी ११२ आणि श्वास २२ लिहून पुढच्या खाटेकडे जाते. वरचं बीपी १०८ आलं, तेही चार्टवर चढतं. युरिन बॅग रिकामी करताना मावशी आकडा सांगते: चार तासांत ८० मिली. इंजेक्शनवाली अँटिबायोटिक देऊन जाते, पेशंट म्हणतो "जरा घाबरल्यासारखं होतंय", ती म्हणते "डॉक्टर राउंडला येतील." एकीचंही काम चुकलेलं नाही. पण न्यूज-टू या, पेशंट बिघडतोय का हे ओळखायच्या गुणांकनात नाडीचे २, श्वासाचे २ आणि बीपीचा १, म्हणजे एकूण ५ होतात. पाच म्हणजे डॉक्टरला तातडीने बोलावायची पातळी. ६० किलोच्या माणसाला तासाला किमान ३० मिली लघवी हवी, इथे २० आहे. चारही आकडे वॉर्डात हजर आहेत, फक्त एका डोक्यात नाहीत. या पद्धतीतला खरा धोका हाच, आणि तो सिस्टरच्या निष्काळजीपणातून येत नाही, वाटपातून येतो.

रुग्णनिहाय वाटप

दहा पेशंट एका सिस्टरचे. त्यांची औषधं, टीपीआर, ड्रेसिंग, इन्टेक-आउटपुट, नातेवाइकांशी बोलणं, दोनचा ओव्हर, सगळं तिचं. वरचा पेशंट इथे साडेनऊलाच लक्षात येतो.

सोलापुरात याचा आणखी एक फायदा आहे, तो इतर गावांत इतका जाणवणार नाही. वॉर्डात अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि विजयपूरकडचे कन्नड बोलणारे पेशंट असतात, शहराच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबं असतात, उर्दू बोलणारेही असतात. दुखणं कुठून कुठे जातं, रात्री किती वेळा उठावं लागलं, गोळी खरंच घेतली का, हे आजीबाई मोडक्या मराठीत सांगत नाहीत, "बरं आहे" म्हणून मोकळ्या होतात. कन्नड येणाऱ्या सिस्टरकडे त्या खाटा देता येतात. कामनिहाय वाटपात भाषा जुळवायची सोयच नाही.

पद्धत फसते ती बहुतेक दोन कारणांनी. पहिलं, खाटा मोजून वाटल्या जातात. १ ते १० एकीला दिल्या, आणि गंभीर पेशंट नर्सिंग स्टेशनजवळ ठेवायची रीत असल्याने तिच्याच वाट्याला सगळे ऑपरेशनचे आले. म्हणून खाटा नव्हे, भार मोजा. जड, म्हणजे जास्त लक्ष लागणाऱ्या पेशंटला ३, मध्यम २, हलका १. सहा जड, नऊ मध्यम, पंधरा हलके असतील तर बेरीज ५१ आणि प्रत्येकीला १७: दोन जड, तीन मध्यम, पाच हलके. जड कोण, हे रात्रपाळीच्या सिस्टरला विचारून ठरवा, रात्रभर तिनेच ते पाहिलेत. शेवटचा शब्द मात्र इन्चार्जचा, आणि आठ वाजून दहा मिनिटांनी वाटप फळ्यावर लिहिलेलं हवं.

दुसरं कारण, "तो माझा पेशंट नाही". नियम एकच ठेवा: सलाईन संपली, मॉनिटर वाजला किंवा कुणी हाक मारली तर जवळची सिस्टर जाईल, मग ज्याच्या त्याच्या सिस्टरला कळवेल.

या पद्धतीतली खरी वाढीव जोखीम इन्शुलिनची. एका सरावलेल्या हाताऐवजी तीन हात भरू लागतात. आपल्याकडे मिलीमागे ४० युनिटची वायल आणि मिलीमागे १०० युनिटचं पेन-कार्ट्रिज दोन्ही वापरात आहेत. ४० च्या वायलमधून १०० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला फक्त ८ युनिट जातात. १०० चं इन्शुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं तर ५० जातात. म्हणून इन्शुलिन, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आणि पोटॅशियम क्लोराइड भरताना दुसऱ्या सिस्टरने वायल, सिरिंज आणि खूण डोळ्यांनी बघायची. पोटॅशियमची १० मिलीची १५ टक्क्यांची ॲम्प्यूल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट, ती पातळ केल्याशिवाय शिरेत कधीच नाही, आणि तिची जागा इतर ॲम्प्यूलच्या खोक्यात नाही.

टीम आणि प्रायमरी

टीम नर्सिंगची मांडणी १९५० च्या दशकात अमेरिकेत एलिनॉर लॅम्बर्टसन यांनी केली. एक अनुभवी सिस्टर लीडर, हाताखाली नवी सिस्टर आणि मदतनीस, मिळून १५ पेशंट. तीनपैकी एक सिस्टर अगदी नवी असेल तर मोठ्या वॉर्डात हीच वाट बरी, कारण नवीला एकटीवर दहा पेशंट टाकणं अन्यायाचं आहे. अट एक: लीडरने दहा-साडेदहाला पाच मिनिटं टीमला उभ्या-उभ्या गोळा करून कोण बिघडतंय हे विचारलंच पाहिजे. ती पाच मिनिटं गळाली की टीम म्हणजे पुन्हा कामनिहाय वाटप, नाव फक्त नवं.

प्रायमरी नर्सिंग मेरी मँथी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटात उभं केलं. दाखल झाल्यापासून डिस्चार्जपर्यंत एका पेशंटची आखणी एकाच नर्सकडे. आपल्या जनरल वॉर्डात रात्रपाळीचं चक्र आणि ऑफ यांत ते टिकत नाही, आग्रह धरू नका. डायलिसिसला मात्र जरूर करा. आठवड्याला दोन-तीनदा येणारा तोच पेशंट, तोच फिस्टुला (सुई टोचायला हातात तयार केलेली शीर), तीच सिस्टर. सुई कुठे नीट जाते हे तिच्या बोटांना माहीत असतं.

मग निवड कशी करायची

आयसीयूत प्रश्नच नाही, तिथे रुग्णनिहायच. जनरल वॉर्डात तिघी अनुभवी असतील तर रुग्णनिहाय, एक नवी असेल तर टीम. रात्री दोघीच असल्या तरी कामं वाटू नका, खाटा वाटा: १ ते १५ आणि १६ ते ३०. जड पेशंट मात्र दोघींनी एकत्र फिरून बघायचे, म्हणजे एक रक्तपेढीत गेली तरी दुसरी अंधारात राहत नाही.

आषाढी वारीत कर्मचारी पंढरपूरला ड्युटीवर जातात, किंवा एप्रिल-मेच्या उन्हात उष्माघाताचे पेशंट वाढतात, तेव्हा सकाळीही दोघीच उरतात. त्या दिवसांत हलक्या पेशंटचं टीपीआर आणि गोळ्या कामनिहाय करायला हरकत नाही. सहा जड पेशंट मात्र नावानिशी वाटलेलेच राहू द्या.

काही कामं कुठल्याही पद्धतीत एकीच्याच नावावर हवीत: इमर्जन्सी ट्रे आणि ऑक्सिजन तपासणी, कुलूपबंद औषधांची मोजणी, इन्डेन्ट (सामानाचं मागणीपत्र).

बदल करायचा ठरला तर आधी मेट्रन मॅडमना सांगा आणि पूर्ण वॉर्ड एकदम हलवू नका. दहा खाटा, फक्त सकाळपाळी, दोन आठवडे. रोज तीन नोंदी ठेवा: आठचा शेवटचा डोस किती वाजता गेला, इन्टेक-आउटपुटचे किती रकाने कोरे राहिले, आणि बिघडलेल्या पेशंटसाठी डॉक्टरला पहिला फोन आकडा बदलल्यापासून किती मिनिटांनी गेला. पहिले चार-पाच दिवस गोंधळाचे जातील, ड्रेसिंगला उशीर होईल, राउंडला डॉक्टर विचारतील "इंजेक्शनची सिस्टर कोण?" त्यांना फळा दाखवा.