धातूच्या छपरावरची इन्शुरन्स सवलत: टेक्सासच्या गारपिटीनंतर उरलेला हिशोब

गारांना टिकणारं धातूचं छप्पर बसवलं की टेक्सासमध्ये घराच्या विम्यावर सवलत मिळते. गारपिटीत छपरातून एक थेंब आत आला नाही, पत्र्याला मात्र जागोजागी पोचे पडले आणि क्लेमवर मिळाले शून्य डॉलर. सवलतीसोबत पॉलिसीला ‘कॉस्मेटिक डॅमेज एक्स्क्लूजन’ नावाची पुरवणी जोडलेली असते. गारेने पत्रा दबला, दिसायला वाईट झाला, पण गळत नाही, तर भरपाई नाही. एजंट सवलतीची टक्केवारी दोनदा सांगतात, या कलमावर एक वाक्यही बोलत नाहीत. म्हणून आधी तेच.

सवलतीसाठी लागणारा क्लास ४ चा, म्हणजे गारांचा मारा सोसण्याच्या सर्वांत वरच्या श्रेणीचा, शिक्का कसा मिळतो ते पाहिलं की गोम कळते. यूएल २२१८ या छपराच्या मालाच्या प्रमाण चाचणीत २ इंची पोलादी गोळा २० फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात. तडा किंवा फाट दिसली नाही की माल पास. पोचा हिशोबात धरतच नाहीत. पोलाद सहसा फाटत नाही, दबतं. म्हणजे चाचणीत जे बघत नाहीत नेमकं तेच क्लेममध्ये वगळतात, आणि कंपनी दोन्हीकडून मोकळी!

पुरवणीवर सही करण्याआधी एजंटकडून दोन कोटेशन लेखी घ्या, एक पुरवणीसह आणि एक पुरवणीशिवाय. काही कंपन्यांत ती ऐच्छिक असते, काहींत सवलतीला चिकटूनच येते. ‘रूफ कव्हरिंग’ची व्याख्या शब्दन् शब्द वाचा. त्यात रिज कॅप (आढ्यावरची पट्टी), फ्लॅशिंग (सांधे झाकणारा पत्रा), व्हेंटही धरले असतील तर तेही गेले.

गारपिटीनंतर मोठ्या सपाट भागावरच्या पोच्यांचे फोटो काढण्यात वेळ घालवू नका, पुरवणी असेल तर त्यांचे पैसे मिळत नाहीत. बघायचे ते सीम, म्हणजे दोन पत्र्यांचे उभे जोड. गार थेट उभ्या घडीवर बसली तर लॉक चेपतो किंवा उघडतो, आणि ते कॉस्मेटिक राहत नाही. छपरातून वर येणाऱ्या पाइपाभोवतीच्या बुटाचं रबर फाटलंय का, रिज कॅप उचललाय का, रंग उडून खालचा थर उघडा पडलाय का, हेही तपासायचं. या जागांचे फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा, दुपारी चेपलेलं दिसतच नाही. वर रूफरलाच (छप्पर बसवणाऱ्यालाच) चढू द्या, पत्रा निसरडा असतो.

सवलत आपोआप लागू होत नाही. टेक्सास डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सचा पीसी०६८ फॉर्म रूफरने भरून सही करायचा असतो. त्यात उत्पादकाचं नाव, माल, क्लास आणि बसवल्याची तारीख लागते. शेवटचा हप्ता देण्याआधी तो हातात घ्या, नंतर रूफर फोन उचलत नाही. जुन्या शिंगलवरच (छपरावरच्या डांबरी कौलांवरच) पत्रा टाकणार असाल, तर उत्पादकाचा क्लास ४ त्या जोडणीलाही लागू आहे का, हे लेखी मागा. मग डिक्लरेशन पेजवर (पॉलिसीच्या सारांशाच्या पानावर) सवलतीची ओळ दिसेपर्यंत पाठ सोडू नका.

आता पैशाचं. सुरुवातीला वाटायचं की सवलतीतून छपराचा खर्च हळूहळू निघेल. ते मत आता साफ बदललंय. समजा वर्षाचा प्रीमियम ४,८०० डॉलर आहे, सवलत २० टक्के आहे, पण ती फक्त वारा-गारांच्या भागावर मिळते आणि तो भाग निम्मा धरला, तर वाचतात ४८० डॉलर. शिंगलपेक्षा स्टँडिंग सीमला, म्हणजे उभ्या जोडांच्या पत्र्याच्या छपराला, २०,००० डॉलर जास्त गेले असतील तर वसुलीला जवळपास ४२ वर्षं. शिवाय महाग छप्पर बसलं की घराची पुनर्बांधणी किंमत वाढवून धरतात. वारा-गारांचा डिडक्टिबल (क्लेममधला आपण भरायचा वाटा) सहसा त्याच रकमेच्या १ किंवा २ टक्के असतो, म्हणजे ४ लाखांवर २ टक्के धरले तर ८,००० डॉलर खिशातून. नुसत्या सवलतीसाठी छप्पर बदलायचं असेल तर क्लास ४ शिंगल घ्या, तीच सवलत बऱ्याच कमी पैशात.

छप्पर म्हणून मात्र तक्रार नाही. कोकणातल्या पत्र्याच्या पडवीसारखा पाऊस वाजतो का, हे प्रत्येक मराठी पाहुणा विचारतो. नाही वाजत, खाली प्लायवुडचा डेक, अंडरलेमेंट (पत्र्याखालचा जलरोधक थर) आणि ॲटिकमधलं इन्सुलेशन असतं. पत्रा २४ गेजचाच घ्या. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, आणि २९ गेजवर पोचे सहज पडतात. वरून स्क्रू मारलेला स्वस्त प्रकार टाळा. टेक्सासच्या उन्हात वॉशर कडक होतात आणि पत्रा रोज प्रसरण-आकुंचन पावत राहिल्याने स्क्रू ढिले पडतात. एसीच्या तांब्याच्या नळीवरून येणारं पाणी गॅल्व्हल्यूमवर (जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर) टपकू देऊ नका, तिथे गंज लागतो.

पोचे डोळ्यांत खुपणार असतील तर स्टोन-कोटेड स्टील बघा, दाणेदार पृष्ठभागावर ते लपतात. एचओएचा, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचाही त्रास कमी होतो. टेक्सास प्रॉपर्टी कोडचं कलम २०२.०११ वारा-गारांना टिकणाऱ्या शिंगलना संरक्षण देतं, पण त्या वसाहतीतल्या इतर शिंगलसारख्या दिसल्या पाहिजेत. स्टँडिंग सीम तशी दिसत नाही, त्यामुळे मंजुरी आधी, ऑर्डर नंतर.

आणि वादळानंतर दार वाजवणारा रूफर ‘डिडक्टिबल आम्ही बघतो’ म्हणाला, तर त्याला तिथूनच वाटेला लावा. सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासमध्ये डिडक्टिबल असा माफ करणं गुन्हा आहे, आणि क्लेममधली रोखून ठेवलेली रक्कम देण्याआधी विमा कंपनी तुमच्याकडे डिडक्टिबल भरल्याचा पुरावा मागू शकते.