पहिला टी-पेट: झिशा मातीचा की रू झिलईचा?

गोंगफू पद्धतीने, म्हणजे छोट्या किटलीत त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी ओतून, चिनी चहा करणाऱ्यांना टी-पेट काय असतो हे सांगायला नको. इतरांसाठी एवढंच: चहाच्या ट्रेवर ठेवायची छोटी मूर्ती, तिच्यावर रोज चहा ओतून हळूहळू रंग मुरवायचा. घोडं अडतं ते पहिला निवडताना. च्यांगसू प्रांतातल्या यीशिंगच्या झिशा मातीचा बिनझिलईचा घ्यावा, की जाळीदार तडे असलेल्या, जुन्या चिनी रू भांड्यांच्या पद्धतीच्या झिलईचा? गरम पाण्याने रंग बदलणारे रेझिनचे प्राणी मी या तुलनेत धरत नाही. रेझिनमध्ये चहा मुरत नाही आणि रंग बदलण्याची करामतही हळूहळू मंदावते. मुलांना गंमत म्हणून ठीक आहे.

दिसण्यात रू उजवा, हे कबूल. निळसर-हिरवी झिलई थंड होताना आतल्या मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून तडकते. त्या तड्यांत चहा उतरला की तपकिरी रेषांची जाळी उमटते. सुरुवातीला गरम चहा पडल्यावर बारीक टिंग असा आवाज येतो, तेव्हा पेट फुटला म्हणून घाबरू नये. शिवाय फरक लवकर दिसतो. झिशा त्या मानाने फार सावकाश रंग धरते.

रूची गोची तळाशी आहे. बऱ्याच पेटच्या बुडाला झिलई नसते. ट्रेवर साचलेला चहा तिथून आत शोषला जातो आणि तडे खालून वर काळे पडत जातात. पाय-पोट गडद, डोकं मात्र कोरं. डोक्यावर ब्रशने कितीही चहा फिरवा, गुळगुळीत झिलईवर तो थांबतच नाही. आणि एकदा तड्यात गेलेला रंग हवा तेवढाच काढता येत नाही. सोडियम परकार्बोनेट घातलेल्या गरम पाण्यात बुडवून ठेवलं तर बराचसा निघतो, पण सगळीकडचाच. म्हणजे पुन्हा श्रीगणेशा. पेट साचलेल्या पाण्यापासून उंच ठेवणं आणि चहा झाल्याबरोबर बूड पुसणं ज्यांना रोज जमतं, त्यांचा रू सुंदर होतो. मला तरी हा जाच वाटतो.

झिशावरही डाग पडतात, पण बहुतेक वेळा ते सावरता येतात. उकळतं पाणी ओतून मऊ टूथब्रशने घासलं की साचलेला थर सुटतो, मग फिकट जागी काही दिवस ब्रशने जास्त चहा लावायचा. साबण मात्र अजिबात नको. मातीच्या छिद्रांत त्याचा वास बसतो.

घेताना जांभळट-तपकिरी झिनी माती बघावी. पिवळसर दुआननी देखणी असते, पण भट्टीत कमी भाजली गेली असेल तर वापरात काळपट डाग फुटतात. कोऱ्या पेटला आरशासारखी चकाकी असेल तर मेण किंवा पॉलिशचा संशय घ्यावा. पाण्याचा थेंब टाकून बघा: तो मोत्यासारखा घरंगळला तर वर काहीतरी लावलेलं असण्याची शक्यता जास्त. गरम पाणी ओतल्यावर ओल्या मातीचा वास चालेल, रसायनाचा नको. आकार कमी घड्यांचा बरा. नाणं तोंडात धरलेला तीन पायांचा बेडूक लोकप्रिय आहे खरा, पण त्याच्या पाठीवरच्या फोडांमध्ये पानांचा चुरा अडकतो. डुक्कर किंवा शेंगदाणा सांभाळायला सोपा.

आणल्यावर पोकळ बुडातली माती ब्रशने काढावी. पातेल्याच्या तळाशी फडकं घालून पेट थंड पाण्यात ठेवावा, मंद आचेवर अर्धा तास तापवावा आणि त्याच पाण्यात निवू द्यावा. थंड पेटवर एकदम उकळतं पाणी ओतलं तर तो तडकू शकतो, आधी कोमट पाणी फिरवावं. रोजचं काम एवढंच: पानं धुतल्याचा पहिला चहा डोक्यावरून ओतायचा, ब्रशने सगळीकडे पसरवायचा, शेवटी साध्या गरम पाण्याने धुऊन सुती फडक्याने टिपायचं. हे शेवटचं धुणं टाळलं की चिकट थर चढतो आणि तो लोकांना तेज वाटतो. मग पेट आडवा ठेवून बूड वाळू द्यायचं. कोकणातल्या पावसाळ्यात हे चुकलं तर आतून बुरशी येते. उकळून कडक उन्हात वाळवणं हा त्यावर उपाय. बोअरच्या जड पाण्याने पांढरे ठिपके पडतात, तेव्हा फिल्टरचं पाणी वापरावं. आणि आपला दुधाचा चहा चुकूनही ओतू नये. दूध छिद्रांत जाऊन आंबतं आणि साखरेला मुंग्या लागतात.

एका पेटला शक्यतो एकाच जातीचा चहा द्यावा. शू पुएर (आंबवलेला गडद चिनी चहा) किंवा काळा चहा पिणाऱ्यांनी झिशाच घ्यावी असं मी सुचवेन. रोजचा चहा हिरवा किंवा पांढरा असेल तर झिशावर फारसा फरक दिसत नाही, तिथे रूचा विचार करायला हरकत नाही; चहाच फिका असल्याने बुडाचा त्रासही कमी होतो.